तिसऱ्या रांगेतली सिद्धम्मा

प्रभु बिराजदार दुपारी तीनच्या सुमारास जिना चढून वर आले, तेव्हा मेहनाजच्या तोंडून त्या दिवसातला पहिला शब्द बाहेर पडला. "बसा," ती म्हणाली, आणि आवाज इतका घोगरा आला की तिला दोनदा खाकरावं लागलं. सकाळपासून कुणाशी बोलायची वेळच आली नव्हती. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जायचा, पेपर तिनं बंद केला होता, आणि गिऱ्हाइकं हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवरच काम सांगायची.

शुक्रवार पेठेतल्या या दोन खोल्यांत ती एकटी राहायची. पुढच्या खोलीत स्कॅनर आणि कॉम्प्युटर, मागच्या खोलीत स्वयंपाक आणि पलंग. दीड वर्षापूर्वीपर्यंत अम्मी तिच्याबरोबर होती. काम चालू असलं की अम्मी खुर्ची ओढून शेजारी बसायची आणि पडद्यावर उमटणाऱ्या प्रत्येक चेहऱ्याकडं बोट दाखवून विचारायची, "ये कौन है गे?" मेहनाजला कुठून ठाऊक असणार? ती वैतागायची. अम्मी गेल्यावर मात्र बरेच महिने नवा चेहरा पडद्यावर आला की तिचा हात माउसवर तसाच थांबायचा. भाऊ खालिद शारजाला होता. तो दर शुक्रवारी फोन करायचा आणि पाचेक मिनिटांनी त्याला कुणीतरी हाक मारायचं.

बिराजदार चिंचोळी एमआयडीसीतल्या दीपगंगा टॉवेल्स या कारखान्याचे मॅनेजर होते. काखेत टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम, हातात फ्लेक्सची सुरळी. त्यांनी आधी सुरळी फरशीवर उलगडली.

"बघा मॅडम, काय करून दिलंय ते."

कारखान्यातल्या कामगारांचा जुना ग्रुप फोटो होता. म्हणजे असावा. माणसांच्या जागी नुसते पिठाचे गोळे दिसत होते, आणि मधोमध बसलेल्या मालकांच्या छातीवरून एक पांढरा पट्टा आडवा गेला होता.

"हा मोबाइलवर काढून मोठा केलाय," मेहनाज म्हणाली. "काच न काढता."

"तुम्हाला कसं कळलं?"

"हा पट्टा म्हणजे त्यांच्या दुकानातली ट्यूबलाइट आहे."

बिराजदार वाकून पट्ट्याकडं बघत राहिले. मग त्यांनी टॉवेल सोडून मूळ फ्रेम टेबलावर ठेवली. बारा इंच रुंद, काळा-पांढरा. खाली टाइप केलेली पट्टी: खंडेनवमी, १९८८. यंत्रांची पूजा झाल्यावर सगळे अंगणात जमले होते. तीन रांगा, एकसष्ट माणसं, मागं शेडचं दार आणि दाराला झेंडूचं तोरण.

"नवं ऑफिस बांधलंय. दसऱ्याला उद्घाटन," बिराजदार म्हणाले. "समोरच्या भिंतीवर हाच फोटो लावायचा, सोळा फूट बाय आठ. जुन्या कामगारांना बोलावणार आहोत. मालकांच्या नातवाची, आमच्या छोट्या मालकांची कल्पना आहे."

"सोळा फूट म्हणजे सोळापट. यावर एक केस पडला असेल तर भिंतीवर तो सुतळीएवढा दिसणार. माहितेय ना?"

"म्हणूनच तुमच्याकडं आलो."

तिनं फ्रेमच्या मागचे खिळे एकेक करून काढले. फोटोचा एक कोपरा काचेला चिकटला होता. तिनं तो ओढला नाही. ओढला असता तर दोन माणसांचे पाय काचेवरच राहिले असते. काचेसकटच फोटो स्कॅनरवर ठेवला आणि अंदाजासाठी एक स्कॅन घेतला. पडद्यावर चित्र मोठं करत गेली, तसे चेहऱ्यांवर बारीक बारीक दाणे दिसू लागले, पुरळ उठल्यासारखे.

"हे काय?"

"कागदाचा पोत. त्या काळी स्टुडिओवाले असा खरखरीत कागद वापरायचे, सिल्क म्हणायचे त्याला. हातात सुंदर दिसतो. स्कॅनरचा उजेड त्याच्या प्रत्येक दाण्यावर पडतो. सोळा फुटांवर माणसं देवीचे फोड आल्यासारखी दिसतील."

"मग?"

"निगेटिव्ह मिळाली तर बघू."

बिराजदारांनी मान हलवली. निगेटिव्हचा पत्ता त्यांना नव्हता. ते पडद्याकडं बोट करून म्हणाले, "आणि मॅडम, ही एक बाई आहे बघा. तिसऱ्या रांगेत, उजव्या टोकाला."

मेहनाजनं तो भाग मोठा केला. साडी स्पष्ट होती, हात स्पष्ट होते, खांदा स्पष्ट होता. मानेच्या वर मात्र पुसल्यासारखा एक धुरकट डाग. फोटो निघत असताना बाईनं मान वळवली होती.

"छोटे मालक म्हणाले, हिला काढून टाका. नाहीतर दुसऱ्या कुणाचं तरी तोंड बसवा. भिंतीवर बरं दिसत नाही."

"दुसऱ्या कुणाचं?" मेहनाजनं विचारलं.

बिराजदार जरा ओशाळले. "मी सांगितलं फक्त."

खालच्या पट्टीवर नावं होती. तिसऱ्या रांगेतली शेवटची दोन: दाक्षायणी, सिद्धम्मा.

फोटोच्या पाठीवर शंकरप्पा फोटो स्टुडिओचा शिक्का होता, पत्ता याच पेठेतला. मेहनाजला तो स्टुडिओ लहानपणापासून माहीत होता. आता तिथं मोबाइलची कव्हरं विकत होते. दुकानदारानं सांगितलं, शंकरप्पा जाऊन बारा वर्षं झाली, बायको अक्कम्मा माहेरी मंगळवेढ्याला राहते. फोन नंबर नव्हता, पण गल्लीची खूण होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती मंगळवेढ्याला गेली. पंच्याहत्तरी ओलांडलेली एक बारीकशी बाई ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. कपाळावर विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी.

"बा, कुंद्रू," ती आधी कानडीत म्हणाली आणि सूप बाजूला सारून जागा केली. "बस की. कुटनं आलीस?"

मेहनाजनं सगळं सांगितलं. अक्कम्मा ऐकत होती, पण हात थांबले नव्हते, खडे वेचून बाजूला पडत होते. बोलणं संपल्यावर ती उठली, आत गेली आणि बराच वेळ आली नाही. मग आतून हाक आली, "येगं हिकडं. मला उचलत न्हाय."

माळ्याखालच्या फळीवर बिस्किटांचे पत्र्याचे डबे रांगेनं लावलेले होते. प्रत्येकावर खडूनं साल.

"समदं ठेवलंय मी," अक्कम्मा म्हणाली. "भंगारवाला दोनदा आला व्हता. म्हनला, ह्यातनं चांदी निगती, द्या. म्हनलं, चांदी निगती तर निगू दे, माणसं जातील त्याचं काय? आमचे हे फोटो काढायचे, नंबर मीच टाकायची. धंद्याची वही मी लिवायची, बरं का."

"तुम्ही?"

"मग! त्यांना अक्षर कुटं हुतं?"

अठ्ठ्याऐंशी सालच्या डब्यात बटर पेपरची पाकिटं उभी लावलेली होती. अक्कम्मानं डोळ्याजवळ धरून नंबर वाचले आणि एक पाकीट उपसलं. आत दोन निगेटिव्ह होत्या, पोस्टकार्डापेक्षा मोठ्या.

"दोन आहेत?"

"ग्रुप असला की दोन काढायचेच ते. कुनाचं ना कुनाचं कायतरी बिगडतंच. जी छापायची न्हाय तिचा कोपरा कातरायचा."

मेहनाजनं त्या कडेला धरून दाराच्या उजेडात नेल्या. एका निगेटिव्हचा कोपरा कातरलेला होता. निगेटिव्हमध्ये चेहरे काळे दिसतात, नीट कळत नाहीत. पण तिसऱ्या रांगेच्या टोकाला डाग नव्हता. एक गोल, पूर्ण चेहरा होता.

"न्हे," अक्कम्मा म्हणाली. "पर आनून दे. न्हायतर डब्यात भोक पडल्यावानी वाटतं मला."

परतीच्या एसटीत मेहनाजनं पाकीट मांडीवर दोन पुठ्ठ्यांमध्ये धरलं होतं. आपल्याला काहीतरी मोठं सापडलंय असं तिला वाटत होतं, आणि ते सांगायला कुणी नव्हतं. तिनं फोन काढून खालिदचं नाव उघडलं. त्याला काय सांगणार? दीपगंगा टॉवेल्समधल्या एका बाईचं तोंड सापडलं म्हणून? तिनं फोन पर्समध्ये ठेवून दिला.

पुढचे बारा दिवस ती घराबाहेर जवळजवळ पडलीच नाही. स्कॅनरची काच तिनं तीनदा पुसली. पंखा बंद केला, खिडक्या लावून घेतल्या, हातात सुती मोजे घातले. रबरी फुंकणीनं निगेटिव्हवरची धूळ उडवली. फिल्मला बाक आला होता, म्हणून कडेनं काळ्या कागदाची चौकट लावून तिला सपाट धरलं. काचेला टेकली असती तर पाण्यावर तेल पसरावं तशी वलयं उमटली असती. एका स्कॅनला अकरा मिनिटं लागायची. पहिल्या वेळी मालकांचं धोतर नुसतं पांढरं आलं, म्हणून तिनं उजेड उतरवून पुन्हा घेतला. तिसऱ्या वेळी धोतराच्या घड्या दिसल्या, शेडच्या दारातल्या अंधारात मागाचा सांगाडाही दिसला.

मग धूळ. कॉम्प्युटरला सांगितलं तर तो आपोआप धूळ काढतो, पण काळ्या-पांढऱ्या फिल्मवर त्याला धूळ आणि माणूस यातला फरक कळत नाही. तिनं एकदा करून बघितलं, तर तीन बायकांच्या नाकातल्या चमक्या गेल्या आणि एका म्हाताऱ्याच्या सदऱ्याची बटणं गेली. तिनं ते रद्द केलं आणि हातानं सुरुवात केली. एकेका चेहऱ्याला पाऊण तास, कधी एक तास. ही चमकी, राहू दे. हा कण, काढ. हा देवीचा व्रण, राहू दे. सहाव्या दिवशी एका पगडीवाल्याच्या चेहऱ्यापाशी ती मोठ्यानं म्हणाली, "ये कौन है गे?" आणि खोलीत स्वतःचाच आवाज ऐकून गप्प झाली.

दोन्ही निगेटिव्ह शेजारी शेजारी उघडल्यावर सगळा उलगडा झाला. पहिलीत सिद्धम्मा वळलेली होती. दुसरीत ती सरळ कॅमेऱ्याकडं बघत होती, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, मोठ्या डोळ्यांची, ओठ दाबून धरलेले, कारण हसू येत होतं. शेजारची दाक्षायणी तिच्या दंडाला टेकून उभी होती. आणि दुसरीत मधोमध बसलेल्या मालकांचे, मृत्युंजय शेठचे, डोळे मिटलेले होते.

म्हणून ती निगेटिव्ह छापली गेली नव्हती.

दोन्ही फोटो एकाच जागेवरून, दोन-चार मिनिटांच्या अंतरानं काढलेले. उजेड तोच. दुसरीतला सिद्धम्माचा चेहरा पहिलीत बसवणं मेहनाजला एका दुपारचं काम होतं. तिनं बिराजदारांना फोन केला.

"अहो, मग तर उत्तमच की!" ते म्हणाले. "करून टाका."

"ती बाई आहे का अजून?"

"असेल. निमंत्रणाच्या यादीत भवानी पेठेतला पत्ता आहे."

"आधी तिला विचारते."

"त्यात काय विचारायचं?" बिराजदार म्हणाले, पण पत्ता त्यांनी पाठवला.

भवानी पेठेतल्या एका बोळात, नळाच्या शेजारच्या खोलीत सिद्धम्मा राहायची. त्रेसष्टची होती, पण केस सगळे पांढरे. पुढ्यात सूप, सुपात तंबाखू आणि पानं. ती विड्या वळत होती. मेहनाजनं दारातून सांगितलं की दीपगंगाकडून आलेय, फोटोचं काम करते.

"त्यो फोटो?" सिद्धम्मानं हातातली विडी दोऱ्यानं बांधून टाकली. "आता त्याचं काय?"

"तुम्ही त्यात वळून बघितलंय."

"माहीत हाय की मला. शेठ लई बोलले व्हते त्येवड्यावरनं. समद्यांच्या म्होरं. म्हनले, सिद्धम्मा, तू फोटो नासवलास. हापिसात लावला तवापासनं जो बगंल तो इचारायचा, सिद्धम्मा, तुजं तोंड कुटं गेलं गं? तीन वर्सं ऐकलं, मग काम सोडलं." ती थांबली. "त्यापायी न्हवं सोडलं. घरधनी वारले माजे, सासू आजारी. पर त्ये बी व्हतंच."

"का वळला होता तुम्ही?"

"कुनाला आठवतंय? कुनीतरी हाक मारली असंल."

मेहनाजनं पिशवीतून पुठ्ठा काढला. त्यावर तिनं दुसऱ्या निगेटिव्हमधल्या सिद्धम्माचा फोटो छापून आणला होता, वीतभर उंचीचा. सिद्धम्मानं हात पदराला पुसले, पुठ्ठा घेतला आणि दारापाशी उजेडात धरला.

"नम्मव्व," ती हळूच म्हणाली. मग मराठीत, "माजी आई हाय व्हय ही? कुटं मिळाली तुला?"

"आई नाही. तुम्ही आहात."

"मी न्हाय."

"तुम्हीच आहात, मावशी. त्याच दिवशी, त्याच जागी."

सिद्धम्मानं मान हलवली. तिच्याकडं स्वतःचा तरुणपणचा फोटोच नव्हता. लग्नात फोटोवाला आला नव्हता, पुढं कुणी काढला नाही. तोंडासमोर धरून बघावा असा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा, तोही साठीजवळ आल्यावरचा. आरशात रोज थोडं थोडं बदलत गेलेलं तोंड तिला माहीत होतं. हे माहीत नव्हतं.

मेहनाजनं मोबाइलवर तोच भाग उघडला, खांदा मोठा केला आणि फोन तिच्या हातात दिला. साडीवर खांद्यापाशी बारीक रफू होता, तिरके टाके. निगेटिव्हमध्ये ते जसेच्या तसे उतरले होते.

सिद्धम्मानं बोट टाक्यांवर ठेवलं. स्क्रीन हलली तशी ती दचकली, मग पुन्हा ठेवलं.

"ह्यो रफू माजा हाय," ती म्हणाली. "मागाच्या खिळ्याला अडकून फाटली व्हती. धा-बारा दिवस आधी. मीच घातला." तिनं पुठ्ठ्यावरच्या तोंडाकडं पाहिलं, मग पुन्हा रफूकडं. "मंजे ही मीच."

"हो."

"बरी व्हते की गं मी."

मेहनाज हसली. सिद्धम्मा हसली नाही, बघत राहिली. नळावर कुणीतरी घागर भरून गेलं.

"मग ह्यो का नाय लावला तवा?" तिनं विचारलं. "असा बरा असताना?"

"यात शेठचे डोळे मिटलेले आहेत."

सिद्धम्मानं चटकन वर पाहिलं. "काय म्हनलीस?"

"दोन फोटो काढले होते. एकात तुम्ही वळलात, दुसऱ्यात शेठचे डोळे मिटले. मग शेठचे डोळे उघडे असलेला छापला."

सिद्धम्माच्या छातीतून एक आवाज आला, खोकल्यासारखा, आणि ती हसू लागली. पदर तोंडावर घेऊन हसली, भिंतीला टेकून हसली, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "त्येनं डोळं मिटलं!" ती म्हणत होती. "त्येनं डोळं मिटलं आन् शिव्या मी खाल्ल्या!" शेजारची बाई डोकावून गेली. सिद्धम्मानं तिला हातानंच परत पाठवलं. हळूहळू हसू थांबलं, तरी ती पदरानं डोळे टिपतच राहिली. मेहनाजला कळेना की आता काय करावं. अम्मी असती तर तिनं पाठीवर हात ठेवला असता. मेहनाज सुपातली पडलेली पानं गोळा करत बसली.

"भिंतीवर तुमचं हे तोंड लावू का?" शेवटी तिनं विचारलं. "शेठचे डोळे पहिल्यातले, तुमचं तोंड दुसऱ्यातलं. नको असेल तर तसं ठेवते."

"लाव की," सिद्धम्मा म्हणाली. "न लावायला काय झालं? त्येंचे डोळं उगडून लाव आन् माजं तोंड सरळ करून लाव."

छपाई एका मोठ्या मशीनवर झाली, चार-चार फुटांच्या चार पट्ट्यांत. पट्ट्या जोडताना तिसऱ्या रांगेतल्या एका माणसाचा कान दोनदा आला, म्हणून मेहनाजनं ती पट्टी परत छापायला लावली. मधल्या एका दिवशी ती मंगळवेढ्याला जाऊन निगेटिव्ह देऊन आली. अक्कम्मानं त्या डब्यात जागच्या जागी लावल्या आणि झाकण दोनदा दाबून बघितलं.

उद्घाटनाला तिला बोलावणं होतं. ती गेली आणि भिंतीच्या अगदी टोकाला उभी राहिली. ऑफिस माणसांनी भरलं होतं. भाषणं झाली, नारळ फुटला, मालकांचा नातू हात जोडत फिरला. फोटोचं कौतुक झालं. कुणीतरी म्हणालं, मशीन किती भारी आलीत आता. बिराजदारांनी एकदा मेहनाजकडं पाहून मान हलवली आणि पाहुण्यांच्या मागं निघून गेले.

जुने कामगार वीस-पंचवीस आले होते. त्यांतले बरेचजण मुलांचा किंवा सुनांचा हात धरून होते. सिद्धम्मा एकटी आली होती, इस्त्रीची साडी नेसून. ती थेट भिंतीपाशी गेली आणि उजव्या टोकाला, आपल्या तोंडाच्या खाली, नाक टेकेल इतक्या जवळ उभी राहिली. तिथून तिला काहीच दिसत नव्हतं, नुसते करडे ठिपके. ती गोंधळून मागं वळली आणि तिची नजर मेहनाजवर पडली.

"न्हाय की गं हितं."

"मागं या, मावशी. अजून. अजून दोन पावलं."

सिद्धम्मा पाय घासत मागं येत गेली. खुर्च्यांच्या दुसऱ्या रांगेला तिची पाठ टेकली तेव्हा ती थांबली. भिंतीवरून सव्वीस वर्षांची बाई हसू दाबून तिच्याकडं बघत होती. खुर्च्यांवरचे लोक लाडूची बशी पुढं सरकवत होते. ही तीच आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि सिद्धम्मानंही कुणाला सांगितलं नाही.

परतताना दोघी एकाच शेअर रिक्षात बसल्या. हायवेचा वारा आत येत होता.

"दाक्षायणी असती तर तिनं लगीच वळकलं असतं मला," सिद्धम्मा म्हणाली. "करोनात गेली ती. सासू गेली, घरधनी गेले, आई गेली. ज्येंनी माजं त्ये तोंड जवळनं बगितलं त्ये कुनी ऱ्हायलं न्हाय. मलाच वळकू आलं न्हाय."

मेहनाजनं ते तोंड किती तास बघितलं होतं, त्याचा हिशोब तिच्यापाशी नव्हता. पापण्या, कपाळावरचं गोंदण, डाव्या भुवईतली फट. हे बोलावं का, तिला कळेना.

भवानी पेठेच्या कोपऱ्यावर सिद्धम्मा म्हणाली, "च्या घेऊन जा."

खोलीत तिनं फळीवरून दुसरा कप काढला, धुतला, पुसला. दूध नव्हतं. कोरा चहा दोघींनी जमिनीवर बसून घेतला. वीतभर फोटो तिनं तांदळाच्या डब्याला टेकवून उभा ठेवला होता. दिवसभराच्या उभ्यानं ती दमली होती. बोलता बोलता तिची मान भिंतीला टेकली आणि ती बसल्या बसल्याच झोपली. मेहनाजनं तिच्या हातातला कप काढून ठेवला, दार हलकं ओढून घेतलं आणि बाहेर पडली.

संध्याकाळ होत होती. बोळाच्या तोंडाशी आल्यावर तिच्या लक्षात आलं की सिद्धम्मानं आपलं नाव एकदाही विचारलं नाही. गं, बाई, तू, एवढंच. तिला रागही आला नाही. पण पाय पुढं पडेनात. एक मोटारसायकल तिला चुकवून गेली. ती उभी राहिली, मग मागं वळली आणि खोलीपाशी येऊन तिनं कडी वाजवली.

सिद्धम्मानं डोळे चोळत दार उघडलं. "काय राहिलं गं?"

"नाव सांगायचं राहिलं," ती म्हणाली. "मेहनाज."

"म्येनाज," सिद्धम्मानं म्हणून बघितलं आणि दारातून बाजूला झाली. "मग भाईर का हुबी? भाकरी टाकते. बस."